एपफ्रदीत : आजारी पडलेला सेवक

शास्त्रपाठ : फिलिप्पै २:२५-३०, १ राजे १९:१-८, निर्गम १७:८-१३
पाठांतरासाठी वचन : फिलिप्पै २:२९

फिलिप्पै येथील मंडळीने बंदिवासात असलेल्या पौलासाठी देणगी पाठविली, ती घेऊन एपफ्रदीत गेला. सेवा करता करता तो आजारी पडला व मरणाच्या दारी पोहोचला. देवाने त्याच्यावर दया केली. पुढे पौलाने त्याला घरी पाठविले आणि मंडळीला लिहिले की, त्याला आनंदाने जवळ करा, अशा माणसांचा मान राखा.

हा पाठ आपण एका प्रश्नाच्या संदर्भात अभ्यासू या. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत, स्वतःलाच पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली माणसेही होती. अशा सेवकाने काय करावे? आणि मंडळीने त्याच्याशी कसे वागावे?

१. आजार समजून घेऊ

हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. मग जन्मभर रोज इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. त्यापूर्वी या रोगाची मुले फार काळ जगत नसत.

साथीत अशा सेवकापुढे दुहेरी संकट होते. संसर्ग झाला की रक्तातील साखर वाढते व आजार बळावतो. इंग्लंडमधील २०२० च्या पाहणीत, अशा रोग्यांना कोविडने इस्पितळात मृत्यू येण्याचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळला. मात्र तरुणांत तो मुळातच फार कमी होता. दुसरे संकट संरक्षक पोशाखाचे. तो अंगावर असताना तासन्‌तास काही खाता-पिता येत नाही. साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, बुद्धी गोंधळते. पण भोपाळच्या उन्हाळ्यात, बंद पोशाखात, घाम कोणाला सुटत नाही? त्यामुळे धोक्याची खूण ओळखू येत नाही.

२. भोपाळचा धडा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती भोपाळ विसरलेले नाही. वायुपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल मार्च २०२० मध्ये केवळ कोविडसाठी राखून ठेवण्यात आले, व जुन्या रोग्यांचे उपचार अडले. वायुपीडितांनी दाद मागितली. एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. शहरातील पहिल्या मृतांत बहुतेक वायुपीडितच होते, हे त्यांच्या संघटनांनी निदर्शनास आणले. नव्या संकटाशी लढताना जुन्या दुखणेकऱ्यांना विसरून चालत नाही, हा यातील धडा आहे. तो रोग्यांना लागू आहे, तसाच सेवकांनाही.

३. शास्त्राचा बोध

(अ) थकलेल्या एलीयाला देवाने आधी बोल लावला नाही. दोनदा झोप व दोनदा अन्न दिले, मग पुढचा प्रवास. म्हणून मधुमेही परिचारिकेने वेळेवर जेवण मागणे हा अविश्वास नव्हे. इन्शुलिन सोडून केवळ प्रार्थनेवर राहा असा सल्ला देणे मात्र घातक आहे.

(ब) मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर यांनी ते धरले. ज्याला धोका अधिक त्याला कोविड कक्षाऐवजी दुसरे काम देणे म्हणजे हे हात धरणेच होय. औषधांचा साठा पाहणे, दूरध्वनीवरून रोग्यांना सल्ला देणे, ही कामेही सेवाच आहेत.

(क) एपफ्रदीताने जिवावर उदार होऊन सेवा केली, म्हणून पौलाने त्याला वाखाणले. पण त्याला घरी पाठविताना तो मान काढून घेतला नाही. उलट भाऊ आणि सोबतचा शिपाई म्हटले. जो कक्षात गेला तो थोर आणि जो मागे राहिला तो भित्रा, असा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलून, प्रभूसमोर प्रामाणिकपणे निर्णय घ्यावा. मंडळीने त्याला दोन्ही वाटांवर साथ द्यावी.

शिक्षकांस सूचना

वर्गात हा मधुमेह असलेले मूल असल्यास त्याला वेगळे बसवू नये. त्याची साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता ताबडतोब इस्पितळात न्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. साथीच्या दिवसांत इस्पितळातून घरी येणाऱ्या शेजाऱ्याशी आपण कसे वागलो?
२. आपल्या मंडळीतील दीर्घ आजाराने ग्रस्त सेवकांचे हात आज कोण धरीत आहे?
३. आजारी सेवकाचा मान राखणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण इन्शुलिनची सुई रोजच आहे, आणि इस्पितळातील सेवाही रोजच आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताला पुन्हा आपल्यात घ्यावे ही पौलाची विनंती होती. आपल्या मंडळीतील एपफ्रदीतांना आपण या आठवड्यात जाऊन भेटू या.