कॅसेट डिजिटल करताना : बिट किती हवेत?

घरोघरी लग्नकार्यांच्या, भाषणांच्या, आता हयात नसलेल्या थोरामोठ्यांच्या आवाजाच्या कॅसेटी पडून आहेत. त्या संगणकावर उतरवून घेताना "चोवीस बिट" म्हणून जादा दर सांगितला गेला, तर तो द्यावा काय? हे ठरविण्यापूर्वी डायनॅमिक रेंज समजून घेणे फायद्याचे आहे.

यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपासून आवाज फाटू लागण्यापर्यंत जे अंतर असते, त्यास डायनॅमिक रेंज म्हणतात. हे अंतर डेसिबलमध्ये मोजतात. १९६३ साली फिलिप्सने आणलेल्या कॅसेटवर ते साधारण ५० ते ५५ डेसिबल असते. डॉल्बी बी वापरल्यास वरच्या पट्टीतील खरखर आणखी १० डेसिबलपर्यंत दबते. चांगल्या एलपी तबकडीवर हे अंतर ६० ते ७० भरते.

डिजिटलमध्ये हिशेब सोपा आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे १६ बिट, म्हणजे ९६ डेसिबल. २४ बिटांचे कागदावर १४४ होतात; परंतु सर्किटच्या खरखरीमुळे चांगली यंत्रेही प्रत्यक्षात १२० च्या आसपास थांबतात.

तेव्हा कॅसेटचा ५५ डेसिबलचा माल १६ बिटांत सहज मावतो. गज लांब घेतला म्हणून कापड वाढत नाही. बिट वाढविल्याने कॅसेटची मूळ खरखर जात नाही.

मग २४ बिट निरुपयोगी काय? तसे नाही. टेपवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो हळूहळू फाटतो. म्हणून खरखर दबावी यासाठी काटा वर ठेवण्याची पद्धत होती. डिजिटलमध्ये शून्य ही शेवटची हद्द. त्यापुढे ध्वनिलहरीचा माथाच छाटला जातो व त्या फाईलमधून तो जसाच्या तसा परत मिळत नाही. २४ बिटांत सर्वात मोठा आवाज शून्याच्या १०-१२ डेसिबल खाली ठेवला तरी काही बिघडत नाही. पुढे तो वाढविता येतो. जादा बिटांचा खरा लाभ ही मोकळी जागा होय.

काम देताना एवढे पाहावे : टेपचे हेड स्वच्छ आहे ना, डॉल्बीत भरलेली कॅसेट डॉल्बी लावूनच वाजविली जाते ना, आणि काटा शून्याला भिडत नाही ना. हे नसेल तर २४ बिटांचा दर वाया गेला समजावे. मूळ कॅसेट मात्र काम झाल्यावरही जपून ठेवावी. काम बिघडलेच, तर पुन्हा उतरविण्यासाठी तीच उपयोगी पडेल.