वाचकांचे प्रश्न : फाफ्साची १ ऑक्टोबर ही मुदत कोणासाठी?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत जन्मलेली असून सॅन होजे येथे बारावीत शिकते. वडील एच-१बी व्हिसावर आहेत. आई एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असून तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. वडिलांच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे. कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फाफ्सा अर्ज १ ऑक्टोबरपर्यंत भरण्याचा कायदा झाल्याचे ऐकले. ती तारीख हुकली तर मदत बुडते का? पालकांच्या व्हिसामुळे अर्ज अडतो का?

उत्तर : १ ऑक्टोबर ही विद्यार्थ्याची मुदत नाही. ती अमेरिकेच्या शिक्षण खात्यावर घातलेली मुदत आहे. त्या तारखेपर्यंत खात्याने अर्ज खुला केलाच पाहिजे, एवढेच कायदा सांगतो. विद्यार्थ्याचे अर्ज भरणे तेव्हा सुरू होते, संपत नाही. कायद्याच्या नावातच ‘डेडलाइन’ हा शब्द असल्याने हा गैरसमज पसरला आहे.

असा कायदा का करावा लागला, हे समजून घ्यायला हवे. फाफ्सा २०१६ पासून दर १ ऑक्टोबरला खुला होत असे. त्याआधी तो १ जानेवारीला निघे. पण ऑक्टोबरची तारीख ही केवळ रीत होती. कायद्याने खात्याला १ जानेवारीपर्यंतची सवड होती आणि २०२३ मध्ये खात्याने ती जवळजवळ पूर्ण वापरली. २०२० च्या सुलभीकरण कायद्यानुसार नवा, छोटा अर्ज तयार करायचा होता. तो ३० डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी निघाला आणि पहिले काही दिवस मधूनमधून उघडायचा, पुन्हा बंद व्हायचा. कॉलेजांकडे अर्जांची माहिती जायला मार्च उजाडला. मदत किती मिळणार हे कळल्याशिवाय कॉलेज निवडता येत नाही, त्यामुळे अनेक कॉलेजांना १ मे ही प्रवेशनिश्चितीची रूढ तारीख पुढे ढकलावी लागली. २०२४ च्या पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला आलेल्या सुमारे तीन चतुर्थांश फोनना उत्तरच मिळाले नाही, असे सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले.

सर्वांत जास्त हाल झाले ते सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकांच्या मुलांचे. मुलगी स्वतः अमेरिकी नागरिक, तिचा भाग भरून तयार. पण पालकाचा भाग उघडायला गेले की पान पुढे सरकत नसे. हा दोष दूर व्हायला मार्च लागला. दोष यंत्रणेचा होता आणि भोगला तो ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती त्या घरांनी. हा अन्याय होता, असेच म्हटले पाहिजे.

यातून फाफ्सा डेडलाइन अ‍ॅक्ट आला. इंडियानाच्या रिपब्लिकन प्रतिनिधी एरिन हाउचिन यांनी तो मांडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात तो ३८१ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली. दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत शिक्षणमंत्र्यांनी काँग्रेसला अर्ज वेळेत निघणार असल्याची हमी द्यायची, नाहीतर निघणार नाही हे आधीच कळवायचे, आणि यात कसूर झाली तर काँग्रेससमोर येऊन जाब द्यायचा, अशी त्यात तरतूद आहे. उशीर झाला म्हणून विद्यार्थ्याला भरपाई मिळण्याची सोय मात्र नाही. कायद्यातली ही उणीवच आहे. तरी धाक बसला, हेही खरे : २०२६-२७ चा अर्ज मुदतीआधीच, २४ सप्टेंबर २०२५ ला सर्वांसाठी खुला झाला.

विद्यार्थ्याच्या मुदती तीन ठिकाणी ठरतात आणि त्यांचा मेळ नसतो. केंद्र सरकारची मुदत सर्वांत सैल आहे : शैक्षणिक वर्ष संपताना येणारा ३० जून. २०२६-२७ साठी ती ३० जून २०२७ आहे. या तारखेवर विसंबणाऱ्यांचेच नुकसान होते, कारण राज्याच्या आणि कॉलेजच्या मुदती त्याच्या कितीतरी आधी संपलेल्या असतात. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट हे राज्याचे अनुदान आणि मध्यमवर्गीय शिष्यवृत्ती यांसाठी २ मार्च ही तारीख महत्त्वाची. कॅल ग्रँटसाठी त्याच मुदतीत शाळेकडून गुणांची सरासरीही राज्याकडे पोहोचावी लागते; ती गेली की नाही, हे शाळेत विचारून खात्री करावी. खासगी कॉलेजे स्वतःची तारीख ठरवतात आणि लवकर प्रवेश मागणाऱ्यांसाठी ती नोव्हेंबरातही येऊ शकते. पेल ग्रँट हे केंद्राचे अनुदान पात्र ठरलेल्या प्रत्येकाला मिळते (२०२५-२६ मध्ये कमाल ७,३९५ डॉलर), पण वर्क-स्टडी (शिकता शिकता काम देणारी योजना) आणि कॉलेजचा स्वतःचा निधी मर्यादित असतो. तिथे आधी येणाऱ्याचे काम आधी होते.

पालकांच्या व्हिसामुळे मुलीचा हक्क जात नाही. ती नागरिक आहे, एवढे पुरे. आईवडील एकत्र प्राप्तिकर विवरणपत्र भरत असतील तर दोघांपैकी एकानेच अर्जात सहभागी व्हायचे असते. म्हणजे या घरात वडिलांनी खाते उघडून आपला भाग भरला की आईच्या क्रमांकाचा प्रश्नच येत नाही. मात्र करखात्याकडून उत्पन्नाची माहिती घेण्यास वडिलांनी संमती दिलीच पाहिजे, नाहीतर केंद्राची कोणतीच मदत मिळत नाही. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात : २०२६-२७ साठी २०२४ चे.

पुण्याचा फ्लॅट लपवता येत नाही. राहते घर फाफ्सात धरत नाहीत, पण दुसरी स्थावर मिळकत धरतात, मग ती कोणत्याही देशात असो. सही करण्याच्या दिवशीची बाजारातली किंमत, त्यातून उरलेले कर्ज वजा करून, डॉलरमध्ये लिहायची.

वडिलांचा एकट्याचा एच-१बीवरचा पगार असला तरी अशा घराला पेल ग्रँट मिळण्याची शक्यता कमी. म्हणून अर्ज सोडून देऊ नये. उत्पन्न कितीही असले तरी मिळणारे विनाअनुदान केंद्रीय कर्ज याच अर्जातून मिळते. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी केंद्राचे ५,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळते.

प्रश्न : मुलगा नाशिकहून एम.एस.साठी अमेरिकेला जाणार आहे. त्याने फाफ्सा भरावा का?

उत्तर : नाही. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी केंद्राच्या मदतीस पात्र नाही. एच-४ वरची मुलेही नाहीत. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारखे काही मोजके गट यांनाच तो हक्क आहे. एम.एस.च्या विद्यार्थ्याचा खरा आधार म्हणजे विद्यापीठातील अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाची जागा. तिची मुदत विभाग ठरवतो आणि ती बहुधा डिसेंबर-जानेवारीत, प्रवेशअर्जाबरोबरच संपते. मुलगा अनुसूचित जातीचा असेल तर महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. तिची तारीख कायद्याने बांधलेली नाही. समाजकल्याण आयुक्तालय, पुणे, दरवर्षी जाहिरात काढते तेव्हाच ती कळते. प्रवेशपत्र हाती येण्याची वाट न पाहता उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आताच काढून ठेवावा.