टाउन सेंटर थांबू देऊ नकोस

पुणे

चि. ओंकार,

सारखा हरतोयस म्हणून तू ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ काढून टाकायला निघालास, असं ताईने फोनवर सांगितलं. तू पाठवलेलं शेवटच्या डावाचं रेकॉर्डिंग मी सावकाश, पूर्ण पाहिलं. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, मग काय ते ठरव.

तुझ्या मते डाव अठराव्या मिनिटाला गेला. समोरच्याचे नाइट तुझ्या लाकूडतोड्यांवर तुटून पडले आणि तुझ्याकडे भालेवाले होते दोन-चार. मला मात्र तो डाव चौथ्या मिनिटापासूनच हातातून सुटताना दिसला. तेव्हा तू रानडुक्कर आणायला एक गावकरी पाठवला होतास. त्याने बाण मारला, डुक्कर अंगावर धावून आलं, तो पळत सुटला आणि तू सगळं सोडून त्याच्यावरच नजर खिळवून बसलास. गावकरी वाचला, डुक्कर टाउन सेंटरपाशी पडलं, 340 अन्न दारात आलं. काम सुरेख केलंस. पण तेवढा वेळ टाउन सेंटर रिकामं होतं, तिथे नवा गावकरी तयार होत नव्हता. पुढे वेळेवर घर बांधलं नाहीस म्हणून ते पुन्हा थांबलं. मग मेंढ्या शोधायच्या नादात आणखी एकदा.

गावकऱ्याला 50 अन्न आणि 25 सेकंद लागतात. फ्युडल एजमध्ये जाताना टाउन सेंटर अडतं तो वेळ सोडून दिला, तरी पहिल्या दहा मिनिटांत तुझी अडीच मिनिटं वाया गेली. म्हणजे सहा गावकरी तयारच झाले नाहीत. त्यांनी पुढे सतत लाकूड तोडलं असतं, शेतं कसली असती. भालेवाला पडतो 35 अन्न आणि 25 लाकडाला, नाइट 60 अन्न आणि 75 सोन्याला. तेवढ्याच खर्चात उभे केलेले भालेवाले घोडदळाला आवरतात, हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग झाला नाही, कारण पदरात लाकूडच नव्हतं.

म्हणून सध्या नवी चाल शिकू नकोस. व्हायपर, हेरा या नामवंत खेळाडूंचे डाव जरूर बघ, मीही बघतो, पण बाण चुकवत तिरंदाज नाचवण्याची त्यांची हातचलाखी उचलायला जाऊ नकोस. ती माणसं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत, आणि तू प्रॅक्टिकल, सबमिशन सांभाळून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी खेळतोस. तू एवढंच करायचं: दर थोड्या वेळाने कीबोर्डवरचं एच दाबायचं, टाउन सेंटरकडे बघायचं, रांगेत एक-दोन गावकरी आहेत ना याची खात्री करायची. पाच-पाच लावून ठेवू नकोस. 250 अन्न लगेच कापलं जातं आणि फ्युडलसाठी लागणारं 500 जमायला उशीर होतो. डुक्कर पळवत आणतानाही एच दाबता येतं. सुरुवातीला एखाददुसरा गावकरी मरेल, मरू दे. गेममध्येच ‘आर्ट ऑफ वॉर’चे धडे आहेत, त्यातला सुरुवातीच्या अर्थकारणाचा तेवढा गिरव.

तू गुर्जर ही संस्कृती घेऊन खेळतोस त्यामागची ओढ मला समजते. 2022 साली गुर्जरांना आणणारं ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हे एक्स्पान्शन आलं तेव्हा मलाही फार आनंद झाला होता. पण गुर्जरांना नाइट मिळत नाहीत, त्यांची घडीच निराळी आहे, आणि नवख्यांसाठी असलेलं बहुतेक मार्गदर्शन त्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही. काही महिने फ्रँक्स घे. त्यांचे गावकरी बोरं लवकर गोळा करतात, शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात, घोडेस्वार दणकट असतात. ‘अरेबिया’ हा एकच नकाशा खेळ. हात बसला की गुर्जरांकडे खुशाल परत जा.

राहिलं रेटिंग. सगळ्यांना 1000 पासून सुरुवात करावी लागते, आणि तिथे भेटणारे बरेचजण लहानपणापासून हा गेम खेळत आलेले असतात. तुझ्या तोडीचा माणूस समोर येईपर्यंत तू खालीच जाणार. तो आला की साधारण निम्मे डाव हरशील आणि निम्मे जिंकशील, कारण जोड्या लावायची पद्धतच तशी आहे. पुढे कितीही सुधारलास तरी हे प्रमाण फारसं बदलणार नाही, फक्त समोरचा माणूस अधिक तयारीचा येईल. तेव्हा हारजितीवरून स्वतःला जोखू नकोस, आणि रात्री एक वाजता ‘आता जिंकूनच झोपतो’ म्हणून नवा डाव तर मुळीच लावू नकोस.

येत्या रविवारी फ्रँक्स घेऊन एक डाव खेळ आणि रेकॉर्डिंग मला पाठव. सोबत फक्त एवढंच कळव, की पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर किती वेळ थांबलं.

तुझा,
मामा