जुन्या विमानाच्या सुट्या भागाची ओळख

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे अवशेष जमवणाऱ्या आणि त्यांतून विमाने पुन्हा उभी करणाऱ्या मंडळींच्या अनुभवावरून असे म्हणता येते की, सुट्या भागाचे मोठे नुकसान पुष्कळदा तो सापडल्यावर पहिल्याच दिवशी होते. मातीने माखलेले ड्युरल्युमिनचे, म्हणजे तांबे मिसळून कठीण केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे, ब्रॅकेट हाती येते आणि आत काय दडले आहे या उत्सुकतेपोटी ते तारेच्या ब्रशने लखलखीत होईपर्यंत घासले जाते; त्यासरशी कारखान्यात लावलेला प्रायमर, तपासनिसाचा शाईचा शिक्का आणि नंतरच्या दुरुस्तीत चढलेल्या रंगाचे थर हे सगळे पुरावे निघून जातात. विमानाच्या बाहेरील पत्र्यावर क्षरणापासून बचावासाठी अनेकदा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा असतो, आणि आरशासारखी झिलई आणण्याच्या हौसेत तोच उतरला, तर पत्रा पुढे झपाट्याने खराब होतो. म्हणून भाग मिळताच शेजारी मोजपट्टी ठेवून त्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मऊ ब्रशाने सुटी माती तेवढी झाडावी आणि अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. अशा तिरप्या उजेडात उथळ ठसेही सावली टाकतात आणि जो आकडा दिवसाढवळ्या दिसत नाही, तो वाचता येतो.

आकडा वाचता आला म्हणजे ओळख पटली असे मात्र होत नाही, आणि नवखे अभ्यासक बहुधा येथेच फसतात. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याच्या भागांवरील क्रमांकाचा आरंभीचा आकडा सुपरमरीन कंपनीने त्या आराखड्याला दिलेला प्रकार-क्रमांक असतो : 300 म्हणजे मार्क 1, 329 म्हणजे मार्क 2, 361 म्हणजे मार्क 9, 379 म्हणजे मार्क 14. ब्रॅकेटवर 300 दिसले की 1940 च्या ब्रिटनच्या लढाईत लढलेल्या विमानाचा तुकडा गवसला, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु जो भाग पहिल्या आराखड्यात ठरला आणि पुढे बदलावा लागला नाही, तो पुढच्या आवृत्त्यांतही जुन्याच क्रमांकाने बनत राहिला, त्यामुळे 1944 च्या विमानातही 300 ने सुरू होणारे असंख्य भाग सापडतात. तो आकडा भागाचा आराखडा प्रथम कोणत्या प्रकारासाठी काढला गेला एवढेच सांगतो. तपासणीचे शिक्के या बाबतीत अधिक उपयोगी पडतात, कारण ‘6एस’ हा शिक्का सुपरमरीनचा, तर ‘सीबीएएफ’ ही अक्षरे कॅसल ब्रॉमिच येथील कारखान्याची असतात, आणि निम्म्याहून अधिक स्पिटफायर विमाने याच दुसऱ्या ठिकाणी तयार झाली.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूर येथे मोडतोड करून टाकून दिलेली अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी पुन्हा उडण्याजोगी केली, आणि 1968 पर्यंत ती भारतीय हवाई दलात राहिली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधील आणि अमेरिकेतील टूसॉनच्या पीमा संग्रहालयातील लिबरेटर ही त्यांपैकीच होत. आपल्या कारागिरांच्या या कर्तबगारीची म्हणावी तशी दखल अजून घेतली गेलेली नाही. लिबरेटर हे कन्सॉलिडेटेड कंपनीचे मॉडेल 32 असल्यामुळे त्याच्या भागांचे क्रमांक बहुधा 32 ने सुरू होतात, पण टाकून दिलेल्या विमानांतून नवे विमान सिद्ध होते तेव्हा एकाचा भाग दुसऱ्याला बसलेला असू शकतो, आणि अशा वेळी एखादा भाग अमुक क्रमांकाच्या विमानाचाच आहे असे छातीठोकपणे सांगण्यासाठी ठशाखेरीज वेगळा पुरावा लागतो.

उपकरणांच्या बाबतीत सावधगिरीचे कारण वेगळे आणि अधिक गंभीर आहे. अंधारात दिसावेत म्हणून त्या काळी तबकड्यांवरील आकडे रेडियमयुक्त रंगाने रंगवीत. त्यातील चमकणारे झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होते, परंतु रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यास लागणारा अवधी, सुमारे 1600 वर्षांचा आहे, त्यामुळे तबकडी चमकत नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही. तिची काच उघडू नये, रंग खरवडू नये, कारण त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे हाच खरा धोका आहे. अनेक उपकरणे एकत्र असतील तर रेडियमपासून निर्माण होणारा रेडॉन वायू साचू नये म्हणून ती हवा खेळती असलेल्या जागी, राहत्या खोल्यांपासून दूर ठेवावीत.

सापडलेली वस्तू समछंदी मंडळींना कधी दाखवतो असे होणे हा या छंदाचा प्राण आहे, आणि तो उत्साह मुळीच आवरू नये. दाखवताना मात्र जे वाचले ते आणि जे वाटते ते वेगवेगळे नोंदवावे. भाग उड्डाणायोग्य राहिला नसला, तरी त्यावरून मापे घेऊन नवा भाग घडवता येतो, त्यामुळे कुठेतरी मार्क 14 उभारणारा एखादा गट नेमक्या त्याच ब्रॅकेटच्या शोधात असण्याची शक्यता असते, आणि चिठ्ठीवर ‘मार्क 1’ असे ठामपणे लिहिलेले असेल, तर तो गट त्या ब्रॅकेटकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही.