शुक्राचे सूर

निर्वात अंतराळातून ध्वनी प्रवास करीत नाही. त्यामुळे ग्रहताऱ्यांवर संगीत रचू पाहणाऱ्याला तेथील नादाचे अनुकरण करता येत नाही. त्याला एखादा भावच निवडावा लागतो. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट याने १९१४ ते १९१७ या काळात ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना केली. फलज्योतिषाच्या आधारे त्याने मंगळाला युद्धाचा, तर शुक्राला शांतीचा दूत कल्पिले. मंगळाच्या पाच मात्रांतील कठोर आघातांनंतर शुक्राच्या आरंभी एकटा हॉर्न चार स्वर हळुवार चढतो आणि बासऱ्या अवरोहाने त्याला उत्तर देतात. पुढे हार्प, चेलेस्टा व एकल व्हायोलिन यांचे मृदू स्वर मिसळतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि नगारे मात्र संपूर्ण मौन पाळतात. या रचनेचे मार्दव बव्हंशी या मौनातून साधले आहे.

शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सिअस इतका तप्त असल्याचे पुढे विज्ञानाने सिद्ध केले. तथापि या सुरांचे मोल त्यामुळे उणावत नाही. लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये २९ सप्टेंबर १९१८ रोजी निमंत्रित श्रोत्यांनी ते प्रथम ऐकले, तेव्हा महायुद्ध संपावयास सहा आठवडे उरले होते.