नोझलला हात लावण्याआधी

नोझल चोंदले की इंजिन धूर सोडते, झटके देते आणि डिझेल जास्त पिते. ते साफ करणे फार अवघड नाही. धोका असतो तो इंधनाच्या दाबाचा आणि वाफेचा. भंडारा-नागपूर महामार्गावरचे शहापूर हे धानाच्या पट्ट्यातले गाव. अशा गावातल्या मिस्त्रीच्या हाताखाली जुना ट्रॅक्टर आणि नवी कॉमन रेल गाडी दोन्ही येतात, आणि जुन्याची सवय नव्यावर चालवली की घात होतो.

जुन्या ट्रॅक्टरचे नोझल साधारण 200 बार दाबाला उघडते. इंजिन फिरवत पाइपाचा नट ढिला करून हवा काढायची, ही तिथली रुळलेली रीत. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, दाब 1600 ते 2000 बारपर्यंत चढतो. तिथे चालू इंजिनावर नटाला पाना लावणे जिवावर बेतू शकते. जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण-नियम लागू झाले, त्यामुळे कॉमन रेल आता धानाच्या बांधीतही उतरली आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच पाइप सोडावा. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून शोधावी. टेस्टरवर फवारा पाहतानाही तळहात पुढे करू नये. 200 बारची धारसुद्धा कातडी भेदते.

अशी जखम फसवी असते. सुई टोचल्याएवढे छिद्र, दुखणे थोडे, म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायुबंधांच्या कडेने पसरते, काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. जखम दाबून पिळू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि ‘डिझेल दाबाने आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पेट्रोल गाड्यांत दाब कमी, पण आगीची भीती मोठी. एप्रिल 2020 च्या बीएस-6 नियमांनंतर नव्या दुचाकींतही इंजेक्टर आले. त्यातून क्लीनर फवारताना बॅटरीच्या तारा हाताने टेकवण्याची युक्ती सर्रास चालते. ती सोडावी: ठिणगी वाफेशेजारीच पडते, आणि सलग 12 व्होल्ट दिल्याने इंजेक्टरची कॉइलही जळू शकते. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचते. म्हणून काम मोकळ्या हवेत, पावडरचे अग्निशामक जवळ ठेवून करावे. डिझेललाही निर्धास्त मानू नये. त्याच्या ज्वलनबिंदूची (फ्लॅश पॉइंटची) भारतीय मानकातली किमान मर्यादा 35 अंश आहे आणि भंडाऱ्याचा मे महिना त्याच्या बराच वर जातो.

छिद्रात तार घालू नये. कॉमन रेलच्या नोझलची छिद्रे केसाएवढी बारीक असतात. एक ओरखडा फवारा बिघडवतो. परत बसवताना तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंग नवीनच घालावेत. कॉमन रेलचा इंजेक्टर खोलायचाच असेल तर तो टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच द्यावा.