पिल्लं उचलण्याआधी

आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून तीन-चारदा एकच फोटो येतो. पार्किंगचा कोपरा, फाटका पुठ्ठा आणि त्यावर एकमेकांना चिकटून झोपलेली मांजरीची पिल्लं. खाली लिहिलेलं असतं, ‘आई टाकून गेली आहे. कोणी घेईल का?’ जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये राहायला आल्यापासून हा फोटो इतक्यांदा पाहिलाय, की आता त्या ओळीचीच धास्ती वाटते. ती आली की तासाभरात कोणीतरी दयाळू माणूस बुटांचा खोका घेऊन खाली उतरतो.

एका उन्हाळ्यात मीटरच्या खोलीत तिरंगी भाटी व्यायली. चार पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. सकाळी भाटी पुट्टेनहळ्ळी तलावाच्या बाजूला पोटापाण्याला गेली आणि तेवढ्यात खोका आला. वॉचमन म्हणत होता, “बिडी मॅडम, तायी बरत्ते.” राहू द्या, येईल तिची आई. तो रायचूरकडचा, घरी गुरं-मांजरं सांभाळलेला. पण इंग्रजीतून चाललेल्या काळजीपुढे त्याच्या कन्नडला कोण विचारतो!

पिल्लं वरच्या मजल्यावर गेली. फ्रिजमधलं दूध कोमट करून, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरनं पाजलं गेलं. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, मग एकाच्या नाकातून दूध आलं. दोन पिल्लं आठवड्याच्या आत गेली. पाजणाऱ्या बाईंनी रात्री जागून काढल्या होत्या. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं.

खाली भाटीचं काय चाललं होतं, ते मी पाहिलं. ती आली ती थेट मीटरच्या खोलीत शिरली. बाहेर आली, पुन्हा आत गेली. रिकामा पुठ्ठा हुंगून झाल्यावर त्याच्या खाली पंजा घालून पाहिलं. मग तोंड जेमतेम उघडून एक बारीक, घशातली हाक घालत ती प्रत्येक गाडीखाली जाऊन आली. आई पिल्लांशीच बोलते तो हा आवाज, एरवी तो क्वचितच ऐकू येतो. पोटाखालचे सड दगडासारखे टणक झाले होते. चार-पाच रात्री हे चाललं आणि मग थांबलं. त्यानंतर काही दिवसांतच ती पार्किंगच्या फरशीवर गडाबडा लोळायला लागली, मागचा भाग वर आणि शेपूट एका बाजूला. कंपाउंडच्या भिंतीवर दोन बोके येऊन बसले. भर पावसाळ्यात ग्रुपवर नवा फोटो आला, या वेळी जनरेटरच्या मागचा.

हे सगळं ठरल्याप्रमाणेच होत असतं. अंगावर पिणारी पिल्लं नाहीशी झाली की मांजर दोन-तीन आठवड्यांत, कधी त्याही आधी, पुन्हा माजावर येते. बोके परकी पिल्लं मारतात, त्यामागेही हेच कारण असावं असं बरेच अभ्यासक मानतात. बोका जे दातांनी करतो, ते आपण खोक्यानं करतो. सोसायटीत मांजरं फार झाली म्हणून कुरकुर करणारे आणि पिल्लं ‘वाचवणारे’ यांनी हे एकदा एकत्र बसून ऐकायला हवं.

मांजरीचा गाभणकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा. बीज सुटतं ते बहुतेकदा बोक्याशी संग झाल्यावरच, त्यामुळे माज सहसा फुकट जात नाही. एका वेळच्या पिल्लांचे बाप दोन-तीनही असू शकतात. एक काळं, एक नारिंगी, एक पट्टेवालं निघालं तर नवल करू नये. शिवाय मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. लंडनमध्ये हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला दिवस यांत जवळजवळ नऊ तासांचा फरक असतो, म्हणून तिथल्या मांजरींना थंडीत विश्रांती मिळते. बंगळुरात तो फरक दीडेक तासाचा. आमच्या भाटींना सुटी अशी नाहीच. आणि जेमतेम चार-पाच महिन्यांची, आपल्याला अजून पिल्लूच वाटणारी मांजरही गाभण राहू शकते.

मग पिल्लं एकटी दिसली तर काय करायचं? आधी लांबूनच बघा. पोटं गोल आहेत, अंग स्वच्छ आहे, ढिगारा करून शांत झोपली आहेत, म्हणजे आईचं येणं-जाणं चालू आहे. तिला शिकारीला किंवा उकिरड्यावर जायला काही तास लागतात, आणि माणूस उभा दिसला तर ती समोर येतच नाही. तुम्ही तिथून हला, तेवढ्याचीच ती वाट पाहत असते. शंका असेल तर पुठ्ठ्याभोवती तांदळाच्या पिठीची बारीक रेघ ओढून ठेवा. आमच्याकडे दारोदार रोज सकाळी रांगोळी पडते, कोणाला वेगळं काही वाटत नाही. चार-सहा तासांनी रेघेवर पंजे उमटलेले दिसले तर प्रश्न मिटला. रेघ जशीच्या तशी, पिल्लं सतत ओरडताहेत, हाताला गार लागताहेत, तर मात्र हात घालायचा.

एकटंच पिल्लू जिन्यात सापडलं तर आणखी थांबा. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आमची आजी म्हणायची. सातचा आकडा सोडा, पण जागा ती बदलतेच: गडबड झाली, जागा घाण झाली, बोका फिरकला, पिसवा झाल्या की बदलते, पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की हमखास. एकेकाला मानगुटीला धरून नेते. पिल्लू त्या वेळी पाय पोटाशी घेऊन मुटकुळं होतं आणि हूं की चूं करत नाही. मधल्याच वेळी गाडी आली, मुलं खेळायला उतरली, की ती तोंडातलं पिल्लू ठेवून पळते. ते टाकलेलं नसतं, वाटेतलं असतं. सगळी नेऊन झाल्यावरही ती रिकाम्या जागी एक खेप करून जाते, हे मी पाहिलंय. माणसाचा हात लागला की ती पिल्लू सोडून देते, ही समजूत चुकीची. मात्र फार हाताळलंत तर बिऱ्हाड हलवेल.

जागा धुवायला काढू नका. डोळे उघडायच्या आधी पिल्लाला घर कळतं ते वासानं. जे रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासकानं हे प्रयोगांतून दाखवलं होतं. रांगत दूर गेलेलं पिल्लू त्या वासाच्या मागावर परततं. फिनाईल तर नकोच नको. असल्या रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला जमत नाही. माणसाची पॅरासिटामोलही त्याच कारणानं मांजराला विष आहे.

आई खरोखरच मेली असेल तर पहिलं काम ऊब, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि पिल्लाला तिच्यापासून सरकायला जागा सोडा. गाईचं दूध नको. पिल्लांसाठीची दुधाची पावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. पाजताना पिल्लू पालथंच, आईला पितं तसं. पहिले तीन आठवडे त्याला आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. म्हणून दर पाजण्याला कोमट ओला कापूस खालून हळूच फिरवायचा. ही बाब आमच्या ग्रुपवर कधीच कोणी लिहीत नाही, आणि पिल्लं पोट फुगून मरतात. स्वयंपाकघरातला काटा असेल तर रोज वजन करा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, मग दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमची भर. एक दिवसही वजन घटलं तर डॉक्टरकडे.

आईला घेऊन डॉक्टरकडे पळायच्या वेळा दोनच सांगते. विताना अर्धा तास जोर करूनही पिल्लू येत नसेल तेव्हा. आणि पाजती मांजर थरथरायला, अडखळायला लागली तेव्हा. दुसऱ्यात कॅल्शियम उतरलेलं असतं आणि काही तासांत जीव जातो.

बाकी मदत करायची तर पिल्लांना नव्हे, भाटीला खायला घाला, पुठ्ठ्यापासून थोडं लांब, रोज एकाच वेळी. त्यातून ती तुम्हाला ओळखू लागते आणि पुढचं काम सोपं होतं. पाजती मांजर गाभण राहत नाही या भरवशावर राहू नका. पिल्लं दोन महिन्यांची व्हायच्या आतच ती पुन्हा माजावर येऊ शकते. पिल्लं खायला लागली, सात-आठ आठवड्यांची झाली, की तिला पिंजऱ्यात घेऊन नसबंदी करून आणायची. अंगावर थोडं दूध असलं तरी डॉक्टर कुशीतून छेद घेऊन शस्त्रक्रिया करू शकतात. ‘एकदा तरी विऊ द्या बिचारीला’ याला शास्त्रात आधार नाही. उलट लहान वयात केली तर पुढे सडांच्या कर्करोगाचा धोका खूप कमी होतो. बंगळुरात हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, १९९१ पासून काम करणारी ‘क्यूपा’ ही प्राण्यांसाठीची संस्था आहे. जवळच्या खासगी डॉक्टरांकडेही भटक्या मांजरीसाठी वेगळा दर आहे का, ते विचारावं. खर्च सोसायटीनं वाटून घेतला तर माणशी एका सिनेमाच्या तिकिटाएवढाही येत नाही.

भूल उतरायच्या आत डॉक्टरांना कानाचं टोक कापायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा कोणी उत्साही तिला पुन्हा टेबलावर झोपवणार नाही. आमची तिरंगी आता तसा कान घेऊन फिरते. ‘कोणी केलं हे दुष्टपणानं?’ म्हणून ग्रुपवर तिचा फोटो अधूनमधून येतोच.